पोटातली गोष्ट ओठांवर

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा माझ्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग. मंडळाच्या कार्यक्रमात माझी जागा आजवर रांगोळीपाशी, नाही तर चहाच्या पातेल्यापाशी. शिक्षण म्हणाल तर सातवी पास. तेव्हा बोलण्यात काही चुकले-माकले तर सांभाळून घ्या. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तुमच्या आजारपणाबद्दल चार शब्द बोला," तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. कारण विषय पडला पोटाचा, त्यातून शौचाचा. असले विषय चारचौघींत काढू नयेत असे आपल्याला लहानपणापासूनच शिकवलेले. पण त्या न बोलण्यानेच माझे फार नुकसान झाले. म्हणून आज लाज थोडी बाजूला ठेवून बोलणार आहे. कुणाला नाक मुरडावेसे वाटले तर तिने खुशाल मुरडावे, पण ऐकून मात्र घ्यावे.

गेल्या वर्षीच्या श्रावणात माझे पोट बिघडले. वाटले, पावसाळ्याचे पाणी आहे, चार दिवसांत बरे होईल. चार दिवसांत थोडे बरे वाटलेही, पण आठवड्याने पुन्हा सुरू. दिवसातून पाच-सहा वेळा जावे लागे, बेंबीच्या उजव्या बाजूला खाली मुरडा येई, कधी आव पडे. संध्याकाळी अंगात कणकण वाटे. मध्येच आठ-दहा दिवस अगदी ठणठणीत जात आणि मी म्हणे, गेले एकदाचे. की पुन्हा तेच.

श्रावण हा आपला उपासांचा महिना. कुणी जेवायला बोलावले की मी सांगे, "आज उपास आहे." सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, सगळे उपास मी त्या वर्षी केले, देवासाठी नव्हे तर न खाण्यासाठी. देवाने मला क्षमा करावी. ऋषिपंचमीला आपल्या गणपतीचा रथ निघाला. तासगावात सून होऊन आल्यापासून रथाला मी कधी चुकले नव्हते. त्या दिवशी मात्र गर्दीच्या भीतीने घराबाहेर पडले नाही. ढोलाचा आवाज स्वयंपाकघरात बसून ऐकला आणि घरच्यांना सांगितले, डोके दुखते आहे.

मार्गशीर्षात मंडळाची नरसोबाच्या वाडीची सहल निघाली. पैसे भरलेले, डबा करून ठेवलेला. पहाटे मी निरोप धाडला, की घरी पाहुणे आले आहेत. मैत्रिणींनो, पाहुणे कुणी आले नव्हते. गाडीत दीड-दोन तास बसायचे आणि वाटेत जावे लागले तर काय करायचे, याच विचाराने रात्रभर झोप लागली नव्हती. तुमच्यातल्या काहीजणी पुढे मला म्हणाल्या, "तुम्ही आता फार शिष्ट झालात हो, मंडळात येत नाही." मी हसले आणि घरी जाऊन रडले.

उपाय मी केले नाहीत असे नाही. बेलफळाचा मुरंबा खाल्ला, कुड्याची साल उगाळून घेतली, डाळिंबाच्या सालीचा काढा घेतला, मुरुडशेंग घेतली, जिरे घालून ताक प्याले. सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, त्या चार दिवस लागू पडत. एका डॉक्टरांकडेही गेले, पण तिथे पाच माणसे बाकावर बसलेली. खाली मान घालून मी एवढेच म्हणाले, "पोट बरे नसते." त्यांनी जंतूंच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका, सगळे टेन्शनचे आहे." त्यांना मी पूर्ण दोष देत नाही. निम्मी गोष्ट मी पोटातच ठेवली होती. दोनदा रक्त पडले होते ते मी त्यांना सांगितलेच नव्हते. मूळव्याध असेल असे माझे मीच ठरवून टाकले होते.

माझे वजन ५८ किलोवरून ४९ वर आले. बायका म्हणत, "काय बारीक झालात! काय खाता सांगा तरी!" मी काय खाते ते सांगण्यासारखे नव्हतेच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र माझे बिंग फुटले. वाण लुटायच्या आधीच मी दोनदा उठून गेले. आपल्या गल्लीतल्या निवृत्त सिस्टरबाईंनी ते पाहिले. तिथे त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि सरळ विचारले, "दिवसातून किती वेळा? रात्री झोपेतून उठावे लागते का? रक्त? ताप? वजन किती उतरले?" इतक्या सहज विचारले, जणू दूध किती घेता म्हणून विचारीत आहेत. आणि मीही तशीच उत्तरे देत गेले. सहा महिन्यांत नवऱ्याला सांगितले नव्हते ते त्यांना पाच मिनिटांत सांगितले.

त्या म्हणाल्या, "झोपेतून उठवणारे दुखणे, उतरत चाललेले वजन आणि रक्त, हे मनाचे म्हणून सोडून द्यायचे नसते. तपासायचेच. आणि डॉक्टरांपुढे बोलायला जमत नसेल तर लिहून न्या."

लिहायचे कसे, तेही त्यांनीच शिकवले. त्यांच्या फोनमध्ये एक तक्ता होता. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावच्या डॉक्टरांनी १९९७ साली तो छापला होता म्हणे. त्यात शौचाचे सात प्रकार चित्रांनी दाखवले आहेत. पहिला शेळीच्या लेंड्यांसारखा घट्ट, तिसरा-चौथा निरोगी माणसाचा, सातवा नुसते पाणी. नुसता आकडा लिहिला तरी डॉक्टरांना सगळे कळते, लाजिरवाणा शब्द एकही लिहावा लागत नाही. दुधाचे खाडे मांडतो त्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी रोज आकडे घालू लागले. कितीदा गेले, कोणता प्रकार, रात्री उठले का, रक्त दिसले का, काय खाल्ले. आमच्या ह्यांना वाटले, दुधाचा हिशेब चालला आहे. महिना संपल्यावर म्हणतात, "अगं, एका दिवसात सात लिटर दूध कुणी घेतलं?"

मग सांगावेच लागले. ते आधी गप्प बसले. मग म्हणाले, "इतके दिवस बोलली का नाहीस?" मी म्हटले, "अहो, हे काय बोलायचं असतं का?" ते म्हणाले, "मग काय मेल्यावर बोलायचं असतं?" आमचे हे बेदाण्याच्या अडतीवर दिवाणजी आहेत. हिशेबात कच्चे काही ठेवायचे नाही, हा त्यांचा स्वभाव. दुसऱ्याच आठवड्यात मला मिरजेला पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

त्या डॉक्टरांनी आमचे कालनिर्णय टेबलावर पसरून पानन् पान पाहिले. हसले नाहीत. म्हणाले, "असे लिहून आणणारे पेशंट फार थोडे." तपासल्यावर त्यांनी रक्त आणि शौच तपासायला दिले. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. बाईमाणसाचे ते १२ च्या खाली असू नये. शौचाच्या एका तपासणीचे नाव कॅलप्रोटेक्टिन. आतड्याला सूज असली की त्याचा आकडा वाढतो. साधारण ५० च्या आत असावा, तो माझा ६०० च्या वर. सोनोग्राफीत दिसले, की लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते तिथला पदर जाड झाला आहे. उजव्या बाजूला मुरडा येत होता ती हीच जागा. लहान आतडे सुमारे २० फूट आणि मोठे ५ फूट. दोन्ही मिळून नऊवारी लुगड्याला थोडीच कमी भरतील एवढी लांबी. त्यातल्या एवढ्याशा पदराने माझे सगळे घर हलवले.

मी विचारले, "डॉक्टरसाहेब, मला झालंय काय?" ते म्हणाले, "अजून सांगता येत नाही." त्यांनी समजावले ते मला कळले तसे सांगते. अशी सूज आतड्याच्या क्षयाने येते, आणि क्रोन नावाच्या एका दीर्घ मुदतीच्या आजारानेही येते. ज्या डॉक्टरांच्या नावाने तो ओळखला जातो, त्यांनी आपल्या सोबत्यांसह १९३२ साली अमेरिकेत त्याचे वर्णन केले होते. दुसरेही काही असू शकते. ते दुसरे म्हणजे काय, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही तिथे थांबून घेतले. क्षय आणि क्रोन हे दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. पण औषधे अगदी वेगळी. क्षयाला बहुधा सहा महिने गोळ्या, त्या सरकारकडून फुकट मिळतात. क्रोनला सूज दाबणारी औषधे. आणि क्षय असताना चुकून ती सूज दाबणारी औषधे दिली, तर क्षय उलट बळावतो. म्हणून अंदाजाने औषध द्यायचे नाही. आत दुर्बीण घालून पाहायचे, तिथला कणभर तुकडा काढून तपासायचा. तिला कोलोनोस्कोपी म्हणतात.

क्षयाचे नाव काढल्याबरोबर मी घरी येऊन माझे कपबशी-ताट वेगळे केले. सिस्टरबाईंनी ते पुन्हा फळीवर चढवले. म्हणाल्या, "छातीचा फोटो स्वच्छ आहे ना? मग नुसता आतड्याचा क्षय खोकल्यातून, कपातून असा पसरत नाही." हे मुद्दाम सांगते, कारण उद्या माझ्या निदानात ते नाव आले तर माझ्या घरचा चहा तुम्ही नाकारू नये.

आता मी खरे तेच सांगणार आहे. दुर्बिणीची तारीख मी दोनदा पुढे ढकलली. एकदा बेदाण्याचा हंगाम आहे म्हणून, एकदा भाचीचे लग्न आहे म्हणून. डॉक्टर रागावले. हंगाम आणि लग्न ही निमित्ते होती. मला भीती होती ती त्या न विचारलेल्या तिसऱ्या नावाची. निदान झाले नाही तोवर ते नाव नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. ती समजूत दिवसा टिके. रात्री अडीच-तीनला परसदारी बसले की टिकत नसे.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी मला एक प्रश्न विचारला होता. "तुमच्या माहेरी, सासरी कुणाला आतड्याचा आजार होता का?" माझी एक मावशी पोटाच्या दुखण्याने गेली. मी तेव्हा आठ वर्षांची. तिच्या अंगावरचे लुगडे सैल सैल होत गेलेले मला आठवते. ती सारखी परड्याकडे जायची, आणि आम्ही मुले हसायचो, हेही आठवते. तिला काय झाले होते ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. मी आईला फोन करून विचारले. आई म्हणाली, "अगं, पोटाचंच काहीतरी होतं. तेव्हा कोण विचारतंय!" डॉक्टरांना मी एवढेच सांगू शकले, की "पोटाचे काहीतरी." त्यांनी कागदावर प्रश्नचिन्ह काढले. मावशीच्या चाळीस वर्षांच्या आयुष्याचे ते प्रश्नचिन्ह मला फार लागले. मला दोन मुली आहेत. उद्या त्यांनाही कुणी डॉक्टर हाच प्रश्न विचारील. तेव्हा त्यांनी "आईला पोटाचे काहीतरी होते" असे सांगू नये, एवढ्यासाठी मी तिसरी तारीख घेतली. ती येत्या गुरुवारची आहे.

तयारीचा कागद दवाखान्याने दिला आहे. तुमच्यापैकी कुणाला पुढे उपयोगी पडेल म्हणून सांगते. प्रत्येकीने आपापल्या डॉक्टरांचेच ऐकावे, हे मात्र आहेच. लोहाच्या गोळ्या मला आठवडाभर आधी बंद करायला सांगितल्या आहेत, कारण त्यांनी आत काळे लेप बसतात. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना आधी विचारावे. तीन दिवस आधीपासून पालेभाजी नको, उसळी नकोत, पेरू, टोमॅटो, बियांचे काहीच नको. मऊ भात आणि मुगाचे वरण चालेल. आदल्या दिवशी नुसते पातळ पदार्थ. शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नको, कारण लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. मग एक पावडर दोन लिटर पाण्यात कालवून थोडी थोडी प्यायची. तिने पोट धुऊन निघते. त्या दिवशी घरातले शौचघर माझे, असे सासूबाईंनी जाहीर केले आहे. तपासणीला साधारण अर्धा तास लागतो, गुंगीचे औषध देतात, म्हणून घरचे माणूस बरोबर हवे. तुकड्याचा निकाल यायला मात्र काही दिवस जातात. ते दिवस कसे काढायचे ते कागदावर लिहिलेले नाही.

दरम्यान शक्ती टिकवायला साधी गोष्ट म्हणजे साखर-मीठ-पाणी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. जास्त मीठ घालू नये. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित आले तेव्हा बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती. तिथे डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे असेच पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आपल्या डब्यांतल्याच त्या वस्तू.

सासूबाईंचे एक सांगायलाच हवे. त्यांना वाटेल मी नाक कापले, म्हणून फार भीत होते. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी पहाटे अंधारात जायचं नाही तर रात्री. दिवसभर दाबून धरायचं. लुगड्याखाली किती दुखणी जिरवली त्याचा हिशेब नाही." आणि त्या दिवसापासून सकाळचा पहिला नंबर त्यांनी मला दिला. सत्तरी ओलांडलेली बाई दाराबाहेर माळ घेऊन बसते आणि नातवाला सांगते, "थांब जरा, तुझी आई आत आहे."

आणि दुसरे, आपल्या भिशीचे. दुर्बिणीचा खर्च कसा भागवावा या विवंचनेत मी होते. गेल्या महिन्यात भिशीची चिठ्ठी ज्या मैत्रिणीच्या नावाची निघाली, तिने ती माझ्या पदरात टाकली. म्हणाली, "मला काय, दिवाळीत मिळाली तरी चालेल." तिचे नाव घेतलेले तिला आवडणार नाही. ती इथेच बसली आहे आणि आता खाली बघते आहे.

मैत्रिणींनो, आता मंडळाला माझ्या काही विनंत्या आहेत. रक्त पडणे, कारण नसताना वजन उतरणे, वारंवार ताप, रात्री झोपेतून उठावे लागणे, रक्त कमी होणे, किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलणे, यातले काही असेल तर मूळव्याध म्हणून, बायकांचे म्हणून, मनाचे म्हणून अंगावर काढू नका. आणि तपासणीत काही निघाले नाही, तरी त्या बाईचे दुखणे खोटे होते असे म्हणू नका. आतड्यात जखम नसतानाही त्याची चाल बिघडू शकते, त्यालाही डॉक्टरांकडे नाव आणि उपाय आहेत.

सहल काढताना देवळांच्या यादीबरोबर शौचालयांचीही यादी करा, आणि दर तासाला गाडी थांबवा. कुणी मध्येच उठून गेली तर तिच्याकडे बघू नका. कुणी बारीक झाली तर "छान दिसतेस" म्हणण्याआधी "बरी आहेस ना?" असे विचारा. आणि आज घरी गेल्यावर आपल्या आईला, मावशीला, आत्याला फोन करून विचारा, की आपल्या घरात कोण कशाने गेले. मुलींना ते सांगून ठेवा.

गुरुवारी काय निघेल ते मला माहीत नाही. भीती गेली आहे असेही मी म्हणणार नाही. परवा रात्रीच पुन्हा मनात आले, की हीही तारीख ढकलावी. पण आता तुम्हां सगळ्यांसमोर गुरुवार म्हटले आहे, तेव्हा ढकलता येणार नाही. खरे सांगायचे तर आज भाषणाला हो म्हणण्याचे हेही एक कारण होते.

काय निघाले ते पुढच्या महिन्याच्या सभेत मी स्वतः येऊन सांगीन. नावासकट सांगीन. पुढच्या सहलीला माझे नाव आत्ताच लिहून घ्या, पैसे भरते. फक्त दाराजवळची जागा माझ्यासाठी ठेवा.